चॉइस फिलिंग

गोरेगाव म्हटलं की पुण्यातले लोक हमखास विचारतात, "फिल्मसिटीजवळचं का?" नाही हो. आमचं गोरेगाव म्हणजे तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. सोयाबीन, तूर, हळद आणि मोबाइलला रेंज मिळावी म्हणून गच्चीवर जाणारी माणसं. आता रेंज बरी आहे, पण गच्चीवर जायची सवय तेवढी राहिली.

तर मंडळी, या शनिवारी आमच्या कंपायलरबद्दल लिहायचं ठरवलं होतं, ते राहू द्या. कारण महिनाभरात तिसऱ्यांदा मला तोच फोन आला. ओळखीतल्या कुणाची तरी मुलगी किंवा मुलगा एमबीबीएस झालेला असतो, नीट पीजीचा रँक हातात असतो आणि "तुमच्या पुतणीचं तुम्हीच केलंत ना, मग आम्हाला पण एक एक्सेल शीट द्या की" अशी मागणी असते. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं म्हटलं. आणि आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या डेटाबेसची निगराणी करतो. त्यामुळे पटलं नाही तर सोडून द्या.

हो, शीट मी केली होती. गेल्या दिवाळीत, गावी, दादाच्या ओसरीवर बसून. परीक्षा ३ ऑगस्ट २०२५ ला झाली होती आणि निकालही लागून गेला होता, पण कौन्सेलिंगच्या तारखा काही केल्या ठरत नव्हत्या. ही परीक्षा देणाऱ्या पोरांचं मला खरंच नवल वाटतं. २०२४ साली परीक्षा २३ जूनला होती, ती आदल्या रात्री पुढे ढकलली. पोरं परगावी लॉजवर पोचलेली होती. २०२५ मध्ये परीक्षा एका शिफ्टमध्ये घ्या की दोन, हे सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. त्याच वर्षी जानेवारीत कोर्टाने पीजीच्या जागांसाठी रहिवासाची अट घटनेला धरून नाही असा निकाल दिला, आणि महाराष्ट्राच्या कोट्याचं आता काय होणार म्हणून आमच्या घरी चार दिवस चर्चा! आमच्या क्षेत्रात रिक्वायरमेंट इतक्या वेळा बदलली असती तर टीमने राजीनामेच दिले असते. असो.

शीटमध्ये मी काय केलं ते सांगतो. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची एमसीसी भरते, उरलेल्या निम्म्या आपल्याकडे सीईटी सेल. दोन्हीकडे कॉलेज आणि ब्रँच अशी जोडी म्हणजे एक पर्याय. पर्याय शेकड्यांनी. मी मागच्या वर्षांच्या क्लोजिंग रँक उतरवून घेतल्या. कुठल्या जागेवर शेवटी कितव्या रँकचा विद्यार्थी गेला तो आकडा, म्हणजे क्लोजिंग रँक. मग गोरेगावपासून अंतर, स्टायपेंड, त्या त्या राज्याचा बॉण्ड किती वर्षांचा, असे कॉलम केले. प्रत्येकाला वजन दिलं. सगळ्यात जास्त वजन अर्थातच क्लोजिंग रँकला, कारण जिथे चांगल्या रँकची मुलं जातात ती जागा चांगली, हे मला इतकं उघड वाटत होतं की त्यावर विचार करायची गरजच वाटली नाही. बेरीज केली, सॉर्ट केलं. रेडिओलॉजी आणि स्किन वर तरंगले, त्याखाली मेडिसिन, मग बालरोग, ऑर्थो वगैरे. सुंदर रंगीत शीट. हिरवा, पिवळा, लाल.

पुतणीने ती पाच मिनिटं पाहिली आणि विचारलं, "काका, या रँकला तुम्ही चाळीस टक्के का दिले?"

"कारण ती क्वालिटी दाखवते."

"कुणाची?"

मी म्हणालो, "जागेची." ती काही बोलली नाही, चहा आणायला आत गेली. तेवढ्या वेळात मला माझ्या शीटमधला बग दिसला.

क्लोजिंग रँक जागेबद्दल काही सांगतच नाही. आधीच्या वर्षी पोरांना काय आवडलं, एवढंच ती सांगते. आणि त्या पोरांनी कशावरून ठरवलं? त्याच्या आधीच्या वर्षीच्या क्लोजिंग रँकवरून! हायवेवर आपण काय करतो, ज्या ढाब्यापुढे ट्रक उभे दिसतात तिथे गाडी थांबवतो. तिथे ते बरोबर आहे, कारण ट्रकवाला आठवड्याला त्या रस्त्याने जातो, जेवण खराब निघालं तर पुढच्या वेळी थांबत नाही. पीजीची सीट माणूस आयुष्यात एकदा घेतो. जो बसला तो परत येत नाही. ही गर्दी जेवून आलेली नाही, आधीची गर्दी बघून थांबलेली आहे. अशा गर्दीवरून जेवणाची चव कळायची कशी?

मी असं म्हणत नाही की रँकमध्ये काहीच माहिती नाही. रेडिओलॉजीला रात्रीची धावपळ तुलनेने कमी, पैसा बरा. स्किनला इमर्जन्सी जवळपास नाही. हे खरं आहे आणि तीन-चार वर्षं झोप न मिळालेल्या मुलांना ते हवंसं वाटलं तर त्यात पाप नाही. उलट्या टोकाला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजीच्या जागा दरवर्षी ओस पडतात. इतक्या, की २०२३ मध्ये सरकारने पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणली. पण ब्रँचबद्दल जे थोडंफार कळतं ते कॉलेजबद्दल अजिबात कळत नाही. एकाच ब्रँचच्या दोन कॉलेजांत कुठे शिकवतात आणि कुठे फक्त राबवून घेतात, हे त्या आकड्यात नाही.

आता दुसरा गैरसमज, जो मला फोन करणाऱ्या तिघांचाही होता. "आपल्या रँकला जे मिळण्यासारखं आहे तेच वर टाकायचं, नाहीतर वरचे चॉइस वाया जातात आणि खालचं दुसरा घेऊन जातो." मंडळी, असं होत नाही. आतलं प्रोग्राम काय करतं ते कुठल्याही फ्रेशरला लिहिता येईल. मेरिट लिस्टमधला पहिला माणूस घे. त्याची यादी वरून वाच. जे पहिलं शिल्लक दिसेल ते त्याला दे. मग दुसरा माणूस. एक फॉर लूप, संपलं. आरक्षणाच्या प्रवर्गांमुळे आत थोडी गुंतागुंत वाढते, पण गाभा हाच. तुमची पाळी येते ती रँकने. तुम्ही एखादी जागा पहिली लिहिली की साठावी, यावर तुमची पाळी पुढे-मागे होत नाही. म्हणून वर पन्नास अशक्य नावं लिहिली तरी एकावन्नाव्याला धक्का लागत नाही. खरी आवड ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने लिहा. चलाखीला इथे जागाच नाही.

हा गैरसमज येतो कुठून, तेही सांगतो. आपल्याकडे अकरावीच्या आणि इंजिनिअरिंगच्या ऑनलाइन प्रवेशात पहिला पसंतीक्रम मिळाला की तो घ्यावाच लागतो. त्यामुळे पहिल्या नंबरावर काय लिहायचं याची आईबापांनी धास्ती घेतलेली असते आणि ती पीजीपर्यंत सोबत येते. अमेरिकेत बॉस्टन शहरात शाळाप्रवेशाची पद्धत खरोखरच अशी होती की पहिला पसंतीक्रम हुकला तर दुसरा-तिसराही भरून गेलेला असायचा. तिथले हुशार पालक हिशेब करून खोटी यादी द्यायचे आणि साधे पालक फसायचे. २००५ मध्ये शहराने ती पद्धत बंद केली.

हिशेब करायचाच असेल तर यादीच्या वरच्या टोकाचा नको, खालच्या टोकाचा करा. पहिल्या फेरीत मिळालेलं न घेता पुढे जाता येतं. दुसऱ्या फेरीपासून डिपॉझिट जायला लागतं, शेवटच्या फेऱ्यांत बाहेरच फेकलं जातं. म्हणजे जिथे तुम्ही खरोखर जाणार नाही अशी जागा "असू द्या, भरतीला" म्हणून लिहू नका. आणि नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तकातूनच वाचा. मावसभावाच्या वेळचे नियम आता नसतात.

हे सगळं मी ओसरीवर मोठ्या उत्साहात समजावून सांगितलं. पुतणी म्हणाली, "बरं. मग माझा पहिला चॉइस ॲनेस्थेशिया."

दादा खुर्चीतून उठलाच.

इथे थोडं मागे जायला हवं. पुतणीने इंटर्नशिपनंतर बॉण्डचं एक वर्ष मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काढलं. तिथे ऑपरेशन थिएटर होतं. टेबल, दिवा, भुलीचं मशीन, सगळं होतं आणि त्याला कुलूप होतं, कारण भूलतज्ज्ञाचं पद भरलेलं नव्हतं. सिझर लागेल अशी बाई आली की पुतणीचं काम एकच, रेफरची चिठ्ठी लिहायची आणि १०८ ला फोन करायचा. आमच्या भागातून मोठं दुखणं निघालं की लोक नांदेडला, अकोल्याला, नाहीतर संभाजीनगरला जातात. चिठ्ठ्या लिहून लिहून माझं अक्षर सुधारलं, असं ती हसत सांगायची.

दादाचं म्हणणं वेगळं होतं आणि ते मी इथे प्रामाणिकपणे मांडतो. "भुलीच्या डॉक्टरचा बोर्ड पाहिलास का तू कुठं? पेशंट त्याचं तोंड बी बघंना, त्याच्या आधीच झोपतो. फी किती ते सर्जन ठरवणार. एवढा रँक आला, स्किन मिळायलंय, मेडिसिन मिळायलंय, अन् ही म्हणती भूल!" दादाचं कृषी सेवा केंद्र आहे. उधारी म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये याच गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी कर्ज फिटत नाही म्हणून आमचे अवयव विकत घ्या असं सरकारला लिहून दिलं होतं. किडनीचा भाव, लिव्हरचा भाव, असं दरपत्रकच. पेपरात आलं होतं, टीव्हीवरही. अशा गावात बाप मुलीला "कमाईचं बघ" म्हणाला तर त्याला लोभी ठरवायला माझी जीभ रेटत नाही. आणि मी कोण? मी गाव सोडून वीस वर्षं झाली. दर दिवाळीला चार दिवस येऊन ओसरीवर बसणाऱ्याने खेड्यातल्या आरोग्यसेवेवर भाषण करू नये एवढी समज मला आहे.

मी मध्यम मार्ग काढायला गेलो. म्हटलं, दादा, स्किन वर ठेवू, मिळाली तर मिळाली, ॲनेस्थेशिया खाली ठेवू. (दहा मिनिटांपूर्वी खऱ्या क्रमाने लिहा असं सांगणारा मीच.) दादाने मध्येच आणखी एक फाटा फोडला, रेडिओलॉजी एआय खाणार म्हणतात ते खरं का. मला संगणकाचं विचारलं की बरं वाटतं, मी सुरू झालो. एआयचे एक आद्यपुरुष जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्येच सांगितलं होतं की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं झाली, रेडिओलॉजिस्ट आहेत तिथेच आहेत. उलट आपल्याकडे तीच ब्रँच सगळ्यात वर...

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी कधी ऐकायला सुरुवात केली ते कळलं नाही. म्हणाल्या, "भाऊजी, त्या रात्री डॉक्टर व्हते. नर्सबाई बी व्हत्या. भुलीचा नव्हता."

एवढंच. आणि आत गेल्या.

२००४ सालची गोष्ट आहे. पुतणी चार वर्षांची होती. वहिनींचं दुसरं बाळंतपण, बाळ आडवं. ज्या दवाखान्यात नेलं तिथे सिझर करणारे डॉक्टर हजर होते. भूल देणारे दुसऱ्या गावाहून यायचे, ते एका लग्नाला गेलेले. मोबाइल लागेना. तीन तास वाट पाहिली, मग जीप केली, नांदेडचा रस्ता धरला. वहिनी वाचल्या. बाळ वाचलं नाही. मी तेव्हा पुण्यात नोकरीला नवा होतो, रजा मिळाली नाही म्हणून गेलोही नाही. त्यानंतर घरात कुणी या विषयावर बोललेलं मला आठवत नाही. पुतणीला हे माहीत असेल असंही मला वाटलं नव्हतं. तिला माहीत होतं.

दादा बाहेर अंगणात गेला, बराच वेळ पाण्याच्या मोटारीजवळ काहीतरी करत होता. मोटार चांगली चालू होती.

त्या दिवशी मी ती शीट मिटवली. म्हणजे डिलीट नाही केली, इंजिनिअर माणूस, जुनी आवृत्ती ठेवतोच. पण नवीन कोरी उघडली आणि पुतणीने आपली वही काढली. ही वही म्हणजे माझ्या मते या लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिने आपल्या सीनियरांकडून, सीनियरांच्या रूममेटकडून असे करत करत वीसेक कॉलेजांतल्या दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांचे नंबर मिळवले होते. एचओडींचे नाहीत, पहिल्या वर्षाच्यांचेही नाहीत. पहिल्या वर्षाचा माणूस फक्त रडतो आणि तिसऱ्या वर्षाच्याला सगळं गोड वाटायला लागतं, असं तिचं निरीक्षण. दुसऱ्या वर्षाचा खरं बोलतो. आणि प्रश्न "कॉलेज कसं आहे" असा नाही. त्याला सगळे "चांगलं आहे" म्हणतात. प्रश्न मोजता येतील असे. पहिल्या सहा महिन्यांत पाठीतली भूल तू स्वतःच्या हाताने किती वेळा दिलीस? रात्री अडीच वाजता नळी बसली नाही तर कुणाला फोन करतोस, आणि ते येतात का? तुझ्या बॅचला किती जागा होत्या, किती जण आहेत, जे सोडून गेले ते का गेले? पेशंट आणणं, रक्ताच्या बाटल्या आणणं, फॉर्म भरणं यात दिवसाचे किती तास जातात? काल जेवलास किती वाजता? हॉस्टेलला पाणी येतं का?

उत्तरं वाचताना मला दोन प्रकार दिसले. काही मोठ्या नावाच्या ठिकाणी केस इतक्या दुर्मिळ आणि गुंतागुंतीच्या की बघायला मिळतं पुष्कळ, पण हात लावायला पहिलं वर्ष जातं, कारण वर शिकाऊ लोकांची रांग असते. काही आडगावच्या कॉलेजांत दुसऱ्या आठवड्यातच हात मिळतो, पण डोक्यावर कुणाचा हात नसतो. चुकलं तर तुझं तू निस्तर. दोन्हीत तोटा आहे. माझं स्वतःचं मत असं झालं की दुसरा तोटा जास्त वाईट, कारण तो पेशंटच्या अंगावर शिकला जातो. पुतणीला ते पूर्ण पटलं नाही. ती म्हणाली, नुसतं बघून तीन वर्षं काढलेला माणूस चौथ्या वर्षी तेच करणार आहे, फक्त तेव्हा त्याला विचारायलाही कुणी नसेल. यावर मी गप्प बसलो.

कामाच्या तासांचंही विचारलं होतं. केंद्र सरकारची १९९२ ची निवासी डॉक्टरांची योजना आहे, त्यात सलग बारा तासांहून जास्त ड्युटी नको आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलंय. मी हे इंटरनेटवर शोधून मोठ्या आवाजात वाचलं तर पुतणी म्हणाली, "अठ्ठेचाळीस? आठवड्याचे का एका ड्युटीचे?" २०२३ च्या नव्या नियमावलीत तर आकडाच नाही, कामाचे तास "वाजवी" असावेत असा शब्द आहे. वाजवी! आमच्याकडे रिक्वायरमेंटमध्ये असा शब्द आला की टेस्टर परत पाठवतो. अमेरिकेतही हे आपोआप सुधारलं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली. तिचे वडील पत्रकार होते, त्यांनी थकलेल्या निवासी डॉक्टरांचा प्रश्न लावून धरला. देशभर आठवड्याला ८० तासांची मर्यादा यायला मात्र २००३ उजाडलं. ८० हा आकडाही कमी नाहीच.

तर माझी तक्रार पोरांवर नाही. पोरं क्लोजिंग रँक बघतात कारण दुसरं काही बघायला ठेवलेलंच नाही. प्रत्येक पीजी विद्यार्थ्याला लॉगबुक लिहावं लागतं, किती केस पाहिल्या, किती स्वतः केल्या. म्हणजे डेटा आहे! नावं काढून टाका, कॉलेजवार आणि ब्रँचवार सरासरी काढा आणि सीटच्या यादीशेजारी छापा. सोबत आणखी तीन आकडे द्या, मागच्या तीन वर्षांत किती जणांनी सीट सोडली, मंजूर शिक्षकांपैकी किती पदं भरलेली आहेत, आणि आठवड्याला ड्युटीचे तास प्रत्यक्षात किती. लॉगबुकात थापा मारतात हे मला माहीत आहे, आमच्या टाइमशीटमध्ये पण मारतात. पण एकदा आकडा चारचौघांत आला की थाप मारणाऱ्यावर निदान खालच्या बॅचची नजर राहते. आज एका मुलीला वीस फोन करून वहीत जे लिहावं लागतं ते सगळ्यांना मिळायला हवं. ज्यांचे कुणी सीनियर नाहीत, जे घरातले पहिले डॉक्टर आहेत, त्यांनी ते वीस नंबर आणायचे कुठून? आमच्या घरातही ती पहिलीच.

अमेरिकेची पद्धत बघा. तिथे १९५२ पासून "मॅच" चालते. मुलं रुग्णालयांत जाऊन मुलाखती देतात, निवासी डॉक्टरांबरोबर जेवतात, वॉर्ड बघतात. मग मुलं रुग्णालयांची यादी देतात, रुग्णालयं मुलांची, आणि कॉम्प्युटर जोड्या जुळवतो. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितींनी १९६२ मध्ये अशा जोड्या टिकाऊ कशा जुळवायच्या यावर निबंध लिहिला, त्यात उदाहरण होतं कॉलेजप्रवेशाचं आणि लग्नाचं! पुढे ॲल्विन रॉथ यांनी दाखवलं की डॉक्टरांची मॅच जवळजवळ तेच गणित आधीपासून वापरत होती. नव्वदच्या दशकात मॅचची नवी रचना झाली ती त्यांच्याच हातून. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं. थोडक्यात तिकडे कांदेपोहे होतात. आपल्याकडे फक्त पत्रिकेतले गुण बघून अंतरपाट धरतात. मुलगी सासर पहिल्यांदा बघते ती बॅगा घेऊन जॉइन व्हायला जाते तेव्हा.

म्हणून आपल्याकडेही मुलाखती आणा असं मी म्हणणार नाही, चुकूनही नाही. आपल्याकडे मुलाखत आली की ओळख आली, ओळखीमागून पाकीट आलं. एका लेखी परीक्षेचा कोरडा रँक हा गोरेगावच्या पोरीचा सगळ्यात मोठा आधार आहे, तिचं आडनाव न बघता तो तिला सीट देतो. तो तसाच राहू द्या. पण कांदेपोह्यांमधली फक्त बघायची बाजू घ्यायला काय हरकत आहे? आपली पसंती रुग्णालयाने नाही विचारली तरी चालेल, आपल्याला रुग्णालय आधी दिसावं.

आणखी एक नियम आहे ज्याच्यावर पोरं वैतागतात. २०२० पासून प्रत्येक पीजी विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. बऱ्याच जणांना ती सुट्टी वाटते किंवा शिक्षा. मला तो बरा वाटतो, कारण ज्याने हिंगोलीसारखं ठिकाण आतून पाहिलंय तो निदान नाही म्हणताना कशाला नाही म्हणतोय ते जाणून म्हणेल. हिंगोलीतही २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, शंभर जागांचं. तिथली पहिली बॅच पीजीचे फॉर्म भरेल तेव्हा बघू काय होतं. भुलीचा प्रश्न मात्र त्याआधीचा आहे. भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत जीव वाचवण्यापुरती भूल शिकवायचा कार्यक्रम काढला होता. त्यातून शिकलेल्यांनी पुष्कळ बायका वाचवल्या असतील. पण तीन वर्षांचा अभ्यासक्रम १८ आठवड्यांवर आणावा लागतो यातच सगळं आलं.

पुतणीची यादी शेवटी अठ्ठावीस पर्यायांची झाली. पहिले सगळे ॲनेस्थेशिया, मराठवाड्यातली आणि विदर्भातली सरकारी कॉलेजं, वहीतल्या उत्तरांच्या क्रमाने. मुंबईतली दोन खूप खाली. स्किन एकही नाही. दादाने यादी वाचली, एकही शब्द न बोलता दुकानात गेला आणि तिथल्या प्रिंटरवर लॉक केलेल्या यादीची प्रिंट काढून आणली. दोन प्रती. एक वहिनींनी देवघरात ठेवली.

पहिलाच चॉइस मिळाला, अर्थात. तिच्या रँकला तो मिळणारच होता, तिच्या पुढच्या कुणालाही तो नकोच होता. आता तिचे काही महिने झालेत. परवा रात्री फोनवर बोलली तेव्हा सलग तिसाव्या तासात होती, आणि पाठीतली भूल एकसष्ट, असा आकडा तिने आपणहून सांगितला. मी तो शीटमध्ये टाकून ठेवला.

पुढच्या वर्षी कुणीतरी काका माझ्यासारखीच रंगीत शीट करेल तेव्हा त्या कॉलेजच्या ॲनेस्थेशियाच्या ओळीत त्याला एक अगदी विचित्र ओपनिंग रँक दिसेल. टायपिंगची चूक असेल म्हणून तो ती बहुतेक काढून टाकेल. काढू नका हो, बरोबर आहे ती.